सांत्वनालाही भाडोत्री शब्द?

आपल्या समाजात भाषेवरून झालेले वाद काही कमी नाहीत. मुसलमानाची मातृभाषा उर्दू की मराठी, हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या उगाळला गेला. हमीद दलवाईंनी कोकणातल्या मुसलमानाचे जगणे मराठी कथेत आणले. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. प्रा. फकरुद्दीन बेन्नूर आणि त्यांच्या सोबत्यांनी ही चळवळ उभी केली, ती आपले सुखदुःख आपल्याच बोलीत, आपल्याच नावानिशी मराठीत मांडता यावे म्हणून. त्या वादात कोण बरोबर, कोण चूक हे क्षणभर बाजूला ठेवू. पण दोन्ही बाजूंना माणसे होती, त्यांना घरे होती, घरात बोलणाऱ्या आया होत्या.

आता आपल्या घरात असा एक लेखक शिरला आहे, की ज्याला आई नाही, गाव नाही, मोहल्ला नाही. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी जगासमोर आले. पाठोपाठ गुगलचे जेमिनी आले. जून २०२४ पासून आपल्या रोजच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच मेटा एआय येऊन बसले. काय लिहायचे ते सांगा, कुणाला लिहायचे ते सांगा, आणि क्षणात मजकूर तयार. अर्ज, तक्रार, नोटिशीचे उत्तर, बँकेचे पत्र, बायोडाटा असे सगळे हे यंत्र लिहून देते. त्याला आमची ना नाही. पण आता लोक त्याच्याकडून सांत्वन लिहून घेऊ लागले आहेत. माफी, रुसवा, समजूत, आईला ईदची खुशाली हेही त्याच्याकडूनच. आमचा वाद इथे आहे. आणि हा वाद मराठी मुसलमानाने इतरांपेक्षा अधिक मोठ्याने घालायला हवा असे आमचे म्हणणे आहे, कारण या यंत्राच्या मराठीत आपण जवळजवळ नाहीच.

आम्ही जांब्यात राहतो. मुळशी तालुक्यातले हे गाव हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानाच्या कुशीला आहे. एका अंगाला मारुंजी आणि नेरे, दुसऱ्या अंगाला पुनावळे. जिथे शेताचे बांध होते तिथे आता उंच इमारती आहेत. या इमारतींत गावोगावची पोरे राहतात. कुणी उदगीरचा, कुणी औशाचा, कुणी बार्शीचा, कुणी चिपळूण-खेडचा. त्यात आपलीही पोरे आहेत, शिकलेली, पगारदार, चांगल्या वळणाची. त्यांचे अम्मी-अब्बा गावी, चाची-मामी गावी, कबरस्तानही गावीच. नाते टिकवायला हातात उरतो तो मोबाईल. शिवाय यातली बरीच पोरे दिवसभर कचेरीत याच यंत्राशी बोलून इंग्रजी ई-मेल लिहीत असतात. संध्याकाळी घरी आल्यावर तीच सवय अम्मीला लिहितानाही सुटत नाही. म्हणून हा रोग आम्हाला इथे लवकर दिसला.

तो दिसतो कसा, ते सांगतो. लातूरकडच्या एका मुलाचे मामू वारले. रजा मिळेना, मय्यतीला पोचणे शक्य नव्हते. त्याने मामीला संदेश पाठवला. आपल्या पतीच्या दुःखद निधनाची वार्ता ऐकून तीव्र दुःख झाले, ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो, या कठीण प्रसंगी आम्ही सर्व आपल्या पाठीशी आहोत, अशा थाटाचा. व्याकरण निर्दोष, शुद्धलेखन निर्दोष. मामीने नातीकडून तो वाचून घेतला आणि एवढेच विचारले, “ये कोन लिख्या रे बाबा?”

मामीला तो संदेश समजला नाही असे नव्हे. चौकातल्या फलकावर 'भावपूर्ण श्रद्धांजली' ती रोज वाचते. पण तिच्या भाच्याने तिला जन्मात कधी 'आपण' म्हटले नव्हते, आणि मामूला कधी 'आपले पती' म्हटले नव्हते. ज्या घरात भाचा 'मामी, तू जेवलीस का गं' असे विचारत आला, त्या घरात मरणाच्या दिवशी एक परका कारकून येऊन उभा राहिला.

मग कुणीतरी मुलाला सांगितले, अरे, यंत्राला आधी बजावायचे, की कुटुंब मुसलमान आहे. बजावले. तसे यंत्राने लखनौची शेरवानी चढवली. मरहूम, मगफिरत, जन्नतुल फिरदौस, आला मकाम, लवाहिकीन, सब्र-ए-जमील अशी ओळच्या ओळ आली. यातले काही शब्द आपल्याकडे अगदी अनोळखी नाहीत. मोहल्ल्याच्या ग्रुपवर कुणाच्या मय्यतीची बातमी आली, की पन्नास जण हेच वाक्य चिकटवतात आणि पुढच्या विनोदाकडे वळतात. म्हणून तर ते वाक्य यंत्राला पाठ आहे. पण सांत्वन हे नव्हे. मामीला हवे होते ते वेगळेच. मामू जत्रेत खांद्यावर बसवून न्यायचे, दहावीला नापास झालो तेव्हा अब्बांच्या मारातून त्यांनीच सोडवले, एवढे दोन वाक्यांत कुणी तरी लिहावे. हे जगातल्या कुठल्याही यंत्राला माहीत नाही, कारण ते फक्त भाच्याला माहीत आहे.

हे असे का होते, ते नीट समजून घेतले पाहिजे. नुसता राग धरून उपयोग नाही. हे यंत्र अफाट मजकूर वाचून तयार झालेले असते. एका शब्दापुढे बहुधा कुठला शब्द येतो, याचा हिशेब त्याला त्या वाचनातून जमतो, आणि त्या हिशेबाने ते वाक्य जुळवत जाते. जे पुष्कळ वेळा लिहिले गेले ते त्याला सहज सुचते. जे कधी लिहिलेच गेले नाही ते सुचणार कसे? आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? मराठी मजकुराचा मोठा भाग वर्तमानपत्री, सरकारी, पाठ्यपुस्तकी. त्यात मुसलमानाच्या स्वयंपाकघरातली मराठी किती? कोकणी मुसलमानांची बोली किती? मराठवाड्या-सोलापुराकडे दखनी आणि मराठी एकाच वाक्यात नांदतात, ते वाक्य कितीदा छापले गेले? पुणे जिल्ह्यातल्या गावोगावी मुलाणी, तांबोळी, आतार घरांत शेजारच्या पाटील-कुलकर्ण्यांसारखीच मराठी बोलतात, फक्त त्यात अब्बा, खाला, दुवा, रोजा, निय्यत हे शब्द मिठासारखे मिसळलेले असतात. ती मराठी यंत्राच्या कानावर फारशी पडलेलीच नाही.

त्यामुळे ते दोनच साचे पुढे करते. एकात आपण मुसलमान नसतो, दुसऱ्यात आपण मराठी नसतो. हीच तर ती जुनी कोंडी, की जिच्याशी आपले लेखक आयुष्यभर झगडले! एका बाजूचे म्हणत, मराठी लिहायची तर आमच्यासारखी लिहा. दुसऱ्या बाजूचे म्हणत, मुसलमान ना, मग उर्दू बोला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमान सुमारे १ कोटी ३० लाख होते आणि उर्दू ही मातृभाषा सांगणारे सुमारे ७५ लाख. म्हणजे ५० लाखांहून अधिक मुसलमानांनी उर्दूखेरीज दुसरी भाषा आपली म्हणून सांगितली. ही माणसे कागदावर आहेत, मतदार यादीत आहेत, पण यंत्राला नाव सांगितले की ते त्यांना थेट लखनौला पाठवून देते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आम्हालाही झाला. पण अभिजात मराठीच्या दरबारात आपल्या मामीची मराठी कुठे बसते, हे विचारायचा हक्क आम्ही सोडलेला नाही.

यावर आमचे काही मित्र एक बिनतोड वाटणारा मुद्दा काढतात. म्हणतात, पूर्वी तरी आपले लोक स्वतः कुठे लिहीत होते? मुंबईत जीपीओसमोर, कबुतरखान्याजवळ ताडपत्रीखाली पत्रलेखक बसायचे. निरक्षर हमाल, गिरणी कामगार, पोटासाठी शरीर विकणाऱ्या बाया त्यांच्याकडून घरी पत्रे लिहून घ्यायच्या. कोकणात आखातातल्या नवऱ्याचे पत्र आले, की शाळेतला पोरगा वाचून दाखवायचा आणि उत्तरही तोच लिहायचा. तेव्हा पत्र लिहिणारा दुसरा होता, आता यंत्र आहे. फरक काय?

फरक फार मोठा आहे. तो मुनशी आधी विचारायचा, “हां, बोलो, क्या लिखूं?” बाई सांगायची. रडायची, थांबायची, पुन्हा सांगायची. मुनशी अक्षर त्याचे द्यायचा, पण हकीकत तिची असायची. म्हैस आटली, सासऱ्याचा खोकला वाढला, धाकट्याचे खतने राहिले आहेत, पैसे पाठवा, हे त्याच्या मनातले नव्हते. बाई बोलल्याशिवाय त्याची लेखणी हलत नसे. यंत्राचे उलटे आहे. तुम्ही फक्त 'मामाच्या निधनाबद्दल मामीला पत्र' एवढे सांगा, पुढचे सगळे ते आपल्या पदरचे घालते. मुनशीला तुमचे बोलणे लागायचे. यंत्राला तुमचे गप्प बसणे पुरते.

आपल्याकडच्या निकाहाचे उदाहरण घ्या, म्हणजे मुद्दा चटकन ध्यानात येईल. मजलिसीत नवरी येत नाही, तिच्या वतीने वकील बोलतो. पण तो वकील आधी दोन गवाह घेऊन आतल्या खोलीत जातो, मुलाचे नाव सांगतो, मेहेरची रक्कम सांगतो आणि तिची इजाजत मागतो. इजाजतीशिवाय वकिलाच्या बोलण्याला काडीची किंमत नाही. मुनशी हा तसा वकील होता. आणि हे यंत्र? हा असा वकील आहे, की जो आतल्या खोलीत न जाताच मजलिसीत उभा राहून 'कबूल है' म्हणून मोकळा होतो. आपण नुसते खाली अंगठा उठवायचा!

दुसरा आक्षेप साच्याचा. आपली जुनी पत्रे तरी कुठे स्वतःच्या शब्दांत होती, असे विचारतात. 'बाद सलाम के मालूम हो' पासून 'खैरियत नेक मतलूब' पर्यंत सगळे ठरलेलेच. मराठी पत्रातही 'सा. न. वि. वि.' आणि 'कळावे, लोभ असावा' ठरलेलेच. फारसीत तर 'इन्शा' नावाचा पत्रांच्या नमुन्यांचा स्वतंत्र प्रकारच होता. भारतातल्या तारखात्याकडे शुभेच्छांच्या वाक्यांची क्रमांकवार यादी होती. दिवाळीच्या शुभेच्छांना क्रमांक होता, ईद मुबारकलाही होता. क्रमांक सांगितला, की पलीकडे वाक्य पोचायचे. ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. मग आज यंत्राने साचा दिला तर आरडाओरडा कशाला?

मुद्दा खरा आहे, पण अर्धा. तारेत शब्दाला पैसे पडत, म्हणून साचा होता, आणि घेणाऱ्यालाही ठाऊक असे, की हे वाक्य खात्याचे आहे, फक्त आठवण माणसाची आहे. कुणी कुणाला फसवत नव्हते. पत्रातला मायना दोन ओळींत संपायचा. तो उंबरठा होता. उंबरठा ओलांडला की पुढे घर लागायचे. यंत्राच्या पत्रात उंबरठाच उंबरठा असतो, शेवटपर्यंत चाललात तरी घर काही लागत नाही. आणि घेणाऱ्याला सांगायचेही नाही, की हे माझे नाही!

साच्याविरुद्धचे बंड आपल्याच परंपरेत झालेले आहे, हेही विसरू नये. मिर्झा गालिबने उर्दू पत्रांतून लांबलचक अल्काब-आदाबांना फाटा दिला आणि समोर बसून बोलावे तसे पत्र लिहिले. त्याच्या पत्रांचे संग्रह १८६८ आणि १८६९ साली निघाले, आणि उर्दू गद्याला त्यांनी नवे वळण दिले. सत्तावन्नच्या वाताहतीनंतरची दिल्ली, उधारी, आजार, मित्रांचे मरण हे सगळे त्या पत्रांत आहे. इन्शाचा एखादा नमुना समोर ठेवून त्याने लिहिले असते, तर आज ती पत्रे कुणी उघडून पाहिली असती का?

आणि आपल्या महाराष्ट्राच्या मातीत लिहिलेली पत्रे आठवा. ऑगस्ट १९४२ मध्ये मौलाना आझादांना मुंबईत अटक झाली आणि अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या किल्ल्यात ठेवले गेले. तिथे त्यांनी मित्राला उद्देशून पत्रे लिहिली. ती पाठवता येत नव्हती, हे ठाऊक असूनही लिहिली. चहावर लिहिले, खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांवर लिहिले. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या बेगम जुलेखा कलकत्त्यात वारल्या, तेव्हा ते त्याच किल्ल्यात कैद होते. त्या दुःखावरही त्यांनी लिहिले. 'गुबार-ए-खातिर' या नावाने ही पत्रे १९४६ साली छापली गेली. मौलानांची भाषा काही मामीची भाषा नव्हे, ती फारसीने लदलेली, मोठ्या आलिमाची भाषा. आम्हाला त्याची अडचण वाटत नाही, कारण ती त्यांची स्वतःची होती. पोचणार नाही हे ठाऊक असूनही माणूस स्वतः लिहितो, त्याअर्थी लिहिणे हे केवळ निरोप पोचवण्याचे काम नाही. लिहिताना माणूस स्वतःच्या दुःखापाशी बसतो. तेवढा वेळ बसायचीही ज्याची तयारी नाही, त्याने दुसऱ्याचे सांत्वन काय करायचे?

हे दुखणे फक्त आपले आहे असे नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेत मिशिगनच्या विद्यापीठात गोळीबार झाला, विद्यार्थी मारले गेले. तेव्हा व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या एका विभागाने आपल्या विद्यार्थ्यांना धीर देणारे पत्र पाठवले, आणि त्या पत्राच्या तळाशी चॅटजीपीटीचा आधार घेतल्याची नोंद होती. एकमेकांना जपा असे सांगणारे पत्र यंत्राने लिहिले, याचा विद्यार्थ्यांना संताप आला. विद्यापीठातल्या जबाबदार मंडळींना माफी मागावी लागली. पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी गुगलने एक जाहिरात केली. त्यात एक बाप आपल्या छोट्या मुलीच्या वतीने तिच्या आवडत्या धावपटूला जेमिनीकडून पत्र लिहून घेतो. लोक म्हणाले, पोरीच्या हातची वेडीवाकडी चिठ्ठी कुठे गेली? टीका एवढी झाली, की गुगलला ती जाहिरात ऑलिंपिकच्या प्रक्षेपणातून मागे घ्यावी लागली. साता समुद्रापलीकडच्या लोकांनाही हे खुपते, आणि त्यांची तर इंग्रजी यंत्राला तोंडपाठ आहे!

आता एका नाजूक गोष्टीकडे येतो, आणि ती टाळून पुढे जाणे आम्हाला बरोबर वाटत नाही. कागदाच्या एका चिटोऱ्यावर, पोस्टकार्डावर, पुढे एसएमएसवर बायकोला घराबाहेर काढलेले आपल्या समाजाने पाहिले आहे. त्याविरुद्ध १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम महिला हमीद दलवाईंसोबत मुंबईत विधानभवनावर मोर्चा घेऊन गेल्या. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला आणि २०१९ च्या कायद्याने तो तोंडी, लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक अशा कुठल्याही रूपात बेकायदा झाला. त्या कायद्यातल्या शिक्षेच्या कलमावर मतभेद आहेत, तो वेगळा विषय. पण त्या साऱ्या लढ्यात एक साधी मागणी होती, की नाते मोडायचे असेल तर समोर बसा, तोंडाने बोला, तिचेही ऐका. आज शिकलेला नवरा माहेरी गेलेल्या बायकोला यंत्राकडून पत्र लिहून घेतो. पत्रात म्हणे 'मला तुझ्या भावनांचा पूर्ण आदर आहे', 'आपण दोघांनी स्वतःला थोडा अवकाश देऊ या'. किती सभ्य! पण बाई ते पत्र दहा वेळा वाचते आणि तिला कळत नाही, की हा नांदवणार आहे की सोडणार आहे. पूर्वीच्या चिठ्ठीतला घाव उघडा तरी होता. हा घाव अत्तर लावून केलेला आहे.

भावाभावांच्या वाटणीतही हेच. थोरल्याने धाकट्याला दोन शिव्या घातल्या, चार दिवस अबोला धरला, पाचव्या दिवशी बिर्याणीचा डबा पाठवला, तर घर सांधते. यंत्राने लिहिलेल्या गुळगुळीत पत्राला भांडताही येत नाही आणि मिठीही मारता येत नाही. राग ही सुद्धा नात्यातली एक रक्कम असते. ती खात्यावर दिसली तरच फेडता येते.

शिवाय घरची अब्रू कुठे जाते, याचाही विचार करा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप पाठवणारा आणि घेणारा यांच्यातच राहतो असे आपण ऐकून असतो. पण बायकोशी झालेले भांडण, बहिणीच्या सासरचा छळ, अब्बांचा आजार हे सगळे तुम्ही चॅटजीपीटीसारख्या यंत्राला समजावून सांगता, तेव्हा ते परक्या कंपनीच्या संगणकावर जाऊन पडते. २०२५ मध्ये चॅटजीपीटीवरचे, वापरणाऱ्यांनी दुव्याने वाटलेले काही संवाद गुगलच्या शोधात उघड दिसू लागले होते. ओरड झाल्यावर कंपनीला ती सोय काढून टाकावी लागली. जी गोष्ट आपण शेजारणीला कळू देत नाही, ती अशा ठिकाणी ओतायची?

एवढे सगळे म्हटल्यावर कुणी आम्हाला यंत्राचे वैरी ठरवू नये. आपल्याकडे छापखाना आला तेव्हा, लाऊडस्पीकर आला तेव्हा, फोटो आला तेव्हा हराम-हलालच्या आरोळ्या ठोकणारे होते. त्या रांगेत आम्हाला उभे राहायचे नाही. तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज करणारी विधवा, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरणारी मुलगी, उर्दू शाळेत शिकून मराठी कचेरीशी झुंजणारा कारागीर, यांना हे यंत्र मोठा आधार देऊ शकते. दृष्टी नसलेल्याला ते वाचून दाखवते, ज्याचा हात चालत नाही त्याचे बोलणे लिहून घेते. जिथे समोर कचेरी आहे तिथे कचेरीची भाषा खुशाल भाड्याने आणावी. कचेरीला काही आपल्या अम्मीचा आवाज ओळखायचा नसतो. पण जिथे समोर आपले माणूस आहे, तिथे भाड्याचे काहीही चालत नाही.

मग प्रश्न उरतो, की आपली शिकलेली पोरे अम्मीला लिहितानाही यंत्राचा पदर का धरतात? वेळ नसतो म्हणून, असे ती सांगतात. आम्हाला ते पटत नाही. रिळे बघायला तास-दोन तास मिळतात. खरे कारण लाज हे आहे. शाळेत 'आनी-पानी' म्हटले म्हणून वर्ग हसला. दखनी बोललो म्हणून उर्दूवाले हसले. मराठी बोललो तर 'अरे, तुमचे मराठी किती छान आहे' असे कौतुक झाले, आणि ते कौतुक थपडेसारखे लागले. सगळ्या बाजूंनी हसू झालेला माणूस आपली भाषा खिशात लपवतो. यंत्राने त्याला सांगितले, लपव, मी आहे. मामीला गेलेला तो निर्दोष संदेश या लाजेतून लिहिला गेला होता. यंत्राने भाच्याला शब्द दिले, हे खरे. पण त्याचे स्वतःचे शब्द त्याच्याकडून आधीच कुणी हिसकावले होते, त्याचा हिशेब समाजाने द्यायचा आहे. त्यात मराठीचे ठेकेदार आले, उर्दूचे ठेकेदार आले, आणि घरात पोरांना 'नीट बोल, गावंढळासारखे बोलू नको' असे दटावणारे आपणही सगळे आलो.

म्हणून आमचे सांगणे पोरांना आधी आहे. चुकीचे लिहा, पण स्वतः लिहा. ऱ्हस्व-दीर्घ चुकले म्हणून कुठल्याही अम्मीने आजवर पत्र परत पाठवलेले नाही. मराठीत सुरू करा, दखनीत शेवट करा, मध्ये कोकणी येऊ द्या, रोमन अक्षरांत टाइप करा. लिहवत नसेल तर मोबाईलवर आवाज भरून पाठवा. आखातातून आपले बाप कॅसेटी भरून पाठवत होते, त्या कॅसेटी ऐकताना सगळे घर भोवती बसायचे. आवाज भरतानाही काही सुचले नाही, तर तेच सांगा, की मामी, मला काही सुचत नाही. हे वाक्य खरे आहे, आणि मय्यतीच्या घरी खऱ्या वाक्याला जागा असते.

दुसरे सांगणे आपल्या लिहित्या मंडळींना आहे. आपल्या घरची मराठी छापा. खालाचे बोलणे, मुलाणी-बागवानांच्या अंगणातल्या म्हणी, कोकणातल्या लग्नातली गाणी, मोहरमच्या सवारीतले सवाल-जवाब हे जसेच्या तसे कागदावर येऊ द्या. त्याला प्रमाण मराठीचा इस्त्री फिरवू नका आणि लखनौचे अत्तरही शिंपडू नका. उद्या यंत्र ते वाचून थोडे शहाणे झाले तर बरेच आहे. पण यंत्रासाठी म्हणून लिहू नका. लिहायचे ते आपल्या नातवंडांसाठी. उद्या तीही जांब्यासारख्या कुठल्या तरी गावी, कुठल्या तरी इमारतीच्या बाराव्या मजल्यावर राहतील, आणि घरून एखादी बातमी येईल, तेव्हा त्यांच्या तोंडात काही शब्द असले पाहिजेत.

जमीन गेली तर पुन्हा घेता येते, निदान तशी उमेद तरी धरता येते. रडण्याची भाषा एकदा दुसऱ्याच्या हाती गेली, तर ती कुठल्या सातबाऱ्यावर शोधणार?